मानही हवा, जीवही हवा : चाळीसगाव ते नागसेनवन

चाळीसगावचे रेल्वे स्थानक म्हणजे धुळ्याची गाडी बदलण्याचे ठिकाण, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. परंतु आपल्या समाजाने या स्थानकावर घटकाभर थांबावे, असा एक प्रसंग येथे घडलेला आहे.

सन १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे एक सदस्य होते. धुळे मार्गावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावी परतले. स्थानकावर आपले बांधव हारतुरे घेऊन उभे होते. महारवाडा तेथून सुमारे दोन मैल दूर. बाहेर टांगे पुष्कळ होते, पण अस्पृश्याला घेऊन जाण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मात्र येणार नाही. मग आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीच्या वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा व टांगा नदीत पडले.

ही हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्या बांधवांना त्यांनी बोल लावला नाही. पाहुणा पायी चालत आला तर त्याचा मान जाईल, या भावनेने त्या बिचाऱ्यांनी ही धडपड केली होती. पण उतारूच्या मानापेक्षा त्याचा जीव अधिक मोलाचा, हे त्या घाईत ते विसरले, असेही बाबासाहेबांनी स्पष्टपणे नमूद केले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आपल्यापैकी अनेकांच्या दाराशी स्वतःचे वाहन आहे. कुणाची रिक्षा, कुणाचा छोटा हत्ती, कुणाचे पिकअप. आता कुणा टांगेवाल्याची मनधरणी करावी लागत नाही. मान मिळाला. पण जीव? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, सहा डिसेंबरला, लग्नाच्या वऱ्हाडाला मालगाडीच्या हौद्यात दाटीवाटीने उभी असलेली आपलीच माणसे आपण रस्त्यावर पाहतो. म्हणून आमच्या कुटुंबाने चाळीसगावहून वेरूळ, दौलताबाद आणि नागसेनवन असा जो प्रवास केला, त्याची हकीकत गाडीच्या तयारीसह येथे देत आहोत.

आमचे पिकअप आठवडाभर भाजीपाला वाहते. जुनी गाडी एका केबिनची होती. मुले लहान होती तोवर निभावले. पुढे घर वाढले. आम्ही उभयता, तीन मुले, मातोश्री, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचे तान्हे लेकरू, अशी नऊ माणसे झाली. पुष्कळांनी सल्ला दिला, “हौद्यात दोन बाक वेल्डिंग करून टाका, वर ताडपत्री ओढा, झाली मिनीबस!” दुसऱ्याने सुचवले, “मागे एक छोटी ट्रॉली जोडा.”

आम्ही दोन्ही नाकारले. त्याची कारणे सर्वांना ठाऊक असावीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन ठरते व तिची नोंदणीही वेगळी करावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमा. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या माणसाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. म्हणजे अपघात झाला तर माणूस जातो आणि मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर कर्ज बसते. मातोश्री शाळा शिकल्या नाहीत, पण त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, “गाडी आपली झाली म्हणून माणसाला पोत्यासारखं भरायचं नसतं.”

मग आम्ही जुनी गाडी देऊन हप्त्यांवर डबल केबिनचे पिकअप घेतले. तिच्या आर. सी. बुकात चालकासह पाच आसनांची नोंद आहे. पाच म्हणजे पाचच. मागील सीटचे पट्टे फोमखाली दबून गेले होते, ते फिटरकडून मोकळे करून घेतले. एका पट्ट्यात एकच माणूस, हा नियम. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा बांधणे कायद्यानेही सक्तीचे आहे. लेकरू मांडीवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, ही समजूत सोडून द्यावी. करकचून ब्रेक लागला की आईच्या हातांचे बळ अपुरे पडते.

मातोश्रींचे गुडघे दुखतात आणि पिकअपची केबिन उंच. त्यासाठी लाकडाची सुटी पायरी करून घेतली. हौद्यात केबिनला लागून प्लायवूडची एक पेटी दोराने आवळून बसवली. तिच्यात अंथरूण, भाकरीचे गाठोडे आणि पाण्याचा कॅन ठेवला. वर ताडपत्री बांधली. जड सामान खाली आणि पुढे, हलके सामान वर, फाळक्याबाहेर काहीही लोंबकळू द्यायचे नाही. या गाडीचे पाटे मालाच्या वजनासाठी केलेले असतात, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते. अशा वेळी वेग कमी ठेवणे हाच उपाय. यातले काहीही कायमचे नाही. दुसऱ्या दिवशी सगळे उतरवले की गाडी पुन्हा भाजीबाजाराला मोकळी.

राहिलेल्या चौघांचे काय? त्यांच्यासाठी आपली एस. टी. आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून एस. टी.चा प्रवास मोफत आहे आणि महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट. मातोश्री फुकट, तान्हे लेकरू फुकट, भावजयीचे अर्धे. पूर्ण तिकीट काय ते एकट्या भावाचे! ही मंडळी आदल्या दिवशी औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नातलगांकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी वेरूळला भेटण्याचे ठरले.

आम्ही पाचजण पहाटे चाळीसगावहून निघालो. कन्नडचा घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवली. घाट ओलांडल्यावर गौताळा अभयारण्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. गाडी वर ठेवून बऱ्याच पायऱ्या उतरून दरीत जावे लागते. वृद्धांना व तान्ह्यांना ही वाट झेपणारी नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास येथील कोरीवकाम सुरू झाले. एका विहाराच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे. येथे दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत प्रतिष्ठान म्हणजे पैठणच्या एका अत्तरविक्याचा उल्लेख आहे. येथेच सापडलेली एक यक्षमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिच्यावर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव कोरले आहे. भगवंतांचा धम्म हातावर पोट असणाऱ्यांनीही उभा केला, हे मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा येथे दाखवावे.

दुपारी वेरूळ गाठले. मातोश्री लेण्यांच्या दाराशी आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. मंगळवारी वेरूळ बंद असते, हे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. पहिली बारा लेणी बौद्धांची. दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. लाकडी घराच्या वाशांसारख्या फासळ्या छताच्या दगडात कोरल्या आहेत आणि स्तूपापुढे भगवान बुद्ध बसलेले आहेत. भावजयीने तेथे हलक्या आवाजात त्रिसरण म्हटले. लेकरू झोपले होते, ते तसेच झोपून राहिले.

वेरूळहून आम्ही जागांची अदलाबदल केली. थोरला मुलगा काका-काकूंबरोबर एस. टी.ने गेला. मातोश्री पायरीवरून पिकअपमध्ये चढल्या आणि पट्टा बांधून खिडकीपाशी बसल्या.

वाटेत दौलताबाद. सन १९३४ मध्ये बाबासाहेब चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह या भागात सहलीला आले होते. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे त्यांनी ठरवले होते. नाशिक-येवल्याच्या बाजूने भाड्याच्या मोटारींतून धुळीने माखलेली ही मंडळी किल्ल्याशी उतरली. दाराजवळच्या तळ्यातील पाण्याने त्यांनी हातपाय धुतले आणि तळे बाटवले म्हणून आरडाओरड झाली, जमाव जमला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, ती पाण्याला कोठेही स्पर्श न करण्याच्या अटीवर. लक्ष ठेवायला बरोबर एक हत्यारबंद शिपाईही देण्यात आला. म्हणजे मोटार होती, पण पाणी नव्हते. किल्ल्याच्या दाराशी धाकट्या दोघांनी पोटभर पाणी प्यायले, मग आम्ही त्यांना ही हकीकत सांगितली. धाकटीने विचारले, “मग त्यांना तहान लागली तर?” या प्रश्नाचे उत्तर आपण प्रत्येक पिढीला दिले पाहिजे.

शेवटचा मुक्काम नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. भदंत नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव बाबासाहेबांनी त्याला दिले. जेथे पाण्याला हात लावू दिला नाही, त्याच दौलताबादपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर सोळा वर्षांनी त्यांनी ज्ञानाचे पाणपोई उघडली. मराठवाडा विद्यापीठाला १९९४ साली त्यांचे नाव मिळाले, त्यामागे किती जणांचे बलिदान आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

बांधवांनो, वाहन हे आपल्या कष्टाचे फळ आहे. त्यावर निळा झेंडा अवश्य लावा, बाबासाहेबांची तसबीर लावा. पण यंदा नागपूरला, मुंबईला, महाडला निघण्यापूर्वी आर. सी. बुक उघडून आसनांचा आकडा वाचा. तेवढीच माणसे बसवा. बाकीच्यांना एस. टी.ने, रेल्वेने सन्मानाने पाठवा. एखादा दिवस अधिक लागेल, थोडे पैसे अधिक जातील. दीक्षाभूमीला निघालेले प्रत्येक माणूस घरी परतले पाहिजे. चाळीसगावच्या फरशीवर बाबासाहेबांनी सोसलेल्या वेदनेतून एवढे जरी आपण शिकलो, तरी पुष्कळ झाले.

जयभीम! नमो बुद्धाय!