लहुभंड, गरुभंड

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून या वर्षी आपल्या शाळेच्या एका विद्यार्थिनीला लॅपटॉप द्यावा, असे ठरले. मुलगी आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी पुण्याला निघाली होती. संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय, त्यामुळे कोणता लॅपटॉप घ्यावा हे सुचवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. रक्कम होती ७०,००० रुपये. एवढ्या पैशांत एकतर सव्वा किलोच्या आसपासचा, हलका आणि सडपातळ लॅपटॉप मिळतो. किंवा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला, सुमारे अडीच किलोचा दणकट लॅपटॉप मिळतो. शिवाय त्याचा विटेएवढा चार्जर वेगळा.

बैठकीत बहुतेकांचा कौल दणकट यंत्राला होता. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "गरिबाच्या लेकराला द्यायचे म्हणून कमी ताकदीचे द्यायचे काय?" हे वाक्य कोणालाही लागावे असेच होते. आपल्यापैकी अनेकांनी उतरलेले गणवेश आणि पाने सुटलेली पुस्तके वापरली आहेत. दुसऱ्या एकाने बाबासाहेबांचा दाखला दिला. त्यांनी न्यूयॉर्कला पोटाला चिमटा घेऊन पुस्तके जमवली, मग आपण हात का आखडावा, असा त्यांचा सवाल होता. दाखला खराच आहे. पण त्याच बाबासाहेबांना पुढे ग्रंथांसाठी दादरला 'राजगृह' बांधावे लागले, हेही तितकेच खरे. जड संपत्तीला आधी घर लागते.

मी त्या मुलीला फोन केला. कोणते सॉफ्टवेअर वापरणार हे मी नंतर विचारले. आधी विचारले, तू कामाला बसणार कुठे? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "दादा, बसायची जागा अशी ठरलेली नाही." वसतिगृहाच्या खोलीत तिघी मुली, प्लगची जागा एकच आणि तीही दुसरीच्या पलंगाशेजारी. दिवसभर महाविद्यालयाचा स्टुडिओ. सुट्टीला एस.टी.ने गावी, घरावर पत्रा, टेबल नाही, उन्हाळ्यात दुपारी वीज असेलच असे नाही. पहिल्या वर्षी बरेचसे रेखाटन हातानेच करायचे असते, त्यामुळे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि कागदांची लांब नळी हे ओझे रोजचे ठरलेलेच.

दणकट लॅपटॉपची ताकद भिंतीतून येते, हे विकत घेताना सहसा कोणी सांगत नाही. अशा यंत्राचा चार्जर १५० ते २०० वॅटचा असतो आणि बॅटरीत साठते ती साधारण ६० ते ७० वॅट-तास वीज. पूर्ण ताकदीने चालवले तर ती अर्ध्या तासातच संपेल. म्हणून वायर काढताच यंत्र आपला वेग आपणहून कमी करते. अर्थात जिथे प्लग नाही तिथे ते दणकट राहत नाही, केवळ जड राहते. पत्र्याखालच्या उन्हात आणखी एक गोष्ट घडते. आतली उष्णता बाहेर टाकता आली नाही की प्रोसेसर स्वतःला आवरता घेतो, आणि पंखे मात्र घरघरत राहतात. त्या घरघरीत शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या दोघींचाही विचार करायला हवा. हलक्या लॅपटॉपची भूकच मुळात कमी. प्लग असो वा नसो, त्याच्या वेगात फारसा फरक पडत नाही आणि साध्या कामाला तो काही तास सहज पुरतो. त्याचा टाइप-सी चार्जर हरवला तरी तालुक्याच्या गावी दुसरा मिळतो. दणकट यंत्राच्या वेगळ्या पिनेचा चार्जर मात्र माझ्याच दुकानात मागवून द्यावा लागतो.

हलक्या यंत्राची उणीवही मी बैठकीत लपवली नाही. इमारतीचे त्रिमितीय चित्र छाया-प्रकाशासह तयार करणे, म्हणजे रेंडरिंग, हे काम त्याला झेपत नाही. काही सॉफ्टवेअर तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय उघडतच नाहीत. वरच्या वर्गांत ही अडचण येणारच, आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा रात्री बंद असते. सडपातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बहुधा मुख्य पाटीवरच डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबी सुरुवातीलाच घ्यावी लागते, ८ वर भागवू नये.

अशा वेळी मला वसतिगृहातली संध्याकाळची वंदना आठवली. वंदनेनंतर भंतेजी विनयातल्या गोष्टी सांगत. एखादा भिक्खू कालवश झाला की त्याच्या वस्तूंचे काय करावे, याचा नियम त्यात आहे. चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. लहुभंड, म्हणजे हलक्या वस्तू, उपस्थित संघाने वाटून घ्याव्यात. गरुभंड, म्हणजे जड वस्तू, मात्र वाटायच्या नाहीत. त्या चारही दिशांच्या, आलेल्या आणि अद्याप न आलेल्या संघाच्या. त्या वयात आम्हाला हा नियम कंटाळवाणा वाटे, आणि आमच्यातले निम्मे तर पेंगत असत. आज मला त्यात मोठा व्यवहार दिसतो. चालणाऱ्याने हलके न्यावे, जड ते विहारात सर्वांसाठी राहावे.

म्हणून मी दोन गोष्टी सुचवल्या. मुलीला १६ जीबीचा हलका लॅपटॉप द्यावा. आणि तेवढ्याच ताकदीच्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडणारा, भाग बदलता येणारा ग्राफिक्स कार्डाचा डेस्कटॉप शाळेच्या संगणक कक्षात बसवावा. तो कोणा एकाचा नसेल. ती मुलगी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन त्यावर रेंडरिंग करील, इतर दिवशी नववी-दहावीची मुले त्यावर हात बसवतील. पहिली सूचना मान्य झाली, ज्येष्ठ सहकाऱ्यांनीही शेवटी हात वर केला. मुलगी लॅपटॉप घेऊन गेलीही. दुसऱ्या सूचनेला निधी अपुरा आहे, ती पुढील बैठकीपुढे आहे. मुख्याध्यापकांनी कक्षातली खिडकीपासून दूरची, पाऊस न येणारी जागा मोकळी करून ठेवली आहे. तिथल्या प्लगचे अर्थिंग तपासायचे राहिले आहे, ते मी येत्या रविवारी करून देईन.