मागे पाहताना
दुकान वाढवून रात्री पेठेच्या अरुंद बोळात गाडी मागे घेणे अनेकांना अवघड जाते. मान वळविणे जड झालेल्या वडीलधाऱ्यांना तर अधिकच. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या प्रवासी मोटारींना मागील सेन्सर सक्तीचे झाले, हा त्यांना मोठाच आधार. सेन्सर कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतो आणि त्या आदळून परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर ओळखतो. अडथळा जवळ येईल तसा इशारा जलद होतो. मात्र बारीक खांब, ठेंगणा दगड किंवा चाकाशी निजलेले पिल्लू त्याच्या टप्प्यातून निसटू शकते. अंगणात नातवंडे खेळत असतील, तर गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी घालावी. तिला अर्धे मिनिटही लागत नाही.