सुटली म्हण

आमच्या आजोळी गौर तेरड्याची असते. आवाहनाच्या दिवशी सकाळी मुलांनी सड्यावर जायचं, मुळासकट तेरडा उपटून आणायचा, मग आजी त्याची जुडी बांधून तिला साडी नेसवायची. 1986 च्या गणपतीत हे काम आम्हा चौघांकडे आलं. थोरला मामेभाऊ, त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, तो पंधरा वर्षांचा. मावसबहीण चौदाची, मी तेराची आणि मामाचा धाकटा नऊ वर्षांचा. भारा बांधायला दादाने सुंभाची दोरी घेतली होती. ती दोरी घेतली नसती तर पुढचं काहीच लिहिता आलं नसतं.

सड्यावर तेरडा कुठेही मिळतो. पण दादाला सड्याच्या टोकाची जुनी चिरेखाण दाखवायची होती. तिकडे जायची घरातून सक्त मनाई होती. ज्यांनी चिरेखाण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चिरे काढत काढत खाण सरळ उभी खाली जाते. तिच्या भिंती तासल्यासारख्या असतात. पावसाळ्यात ती भरली की लाल पाण्याचा चौकोनी तलाव दिसतो. पण नदीला काठ असतो, तळ्याला उतार असतो, खाणीला यातलं काहीच नसतं. पाय टाकला की थेट दोन पुरुष खोल. वरच्या कडेला शेवाळ. आणि भरघोस गुलाबी तेरडा नेमका त्या कडेवरच फुललेला.

धाकटा कसा घसरला ते मी पाहिलं नाही. पाण्याचा आवाज ऐकला. वळून बघते तो पाण्यावर फक्त त्याची टोपी. दादाने क्षणभरही विचार न करता उडी मारली. त्याला धाकटा सापडला, पण वर यायला जागाच नव्हती. एका हाताने तो भिंत चाचपत होता, प्रत्येक वेळी बोटं शेवाळावरून सटकत होती. मावसबहिणीने दोरी एका करवंदीच्या बुंध्याला गुंडाळली, दुसरं टोक खाली सोडलं आणि आम्ही दोघींनी पोटावर पडून ओढलं. माझ्या तळहातावर सुंभाचे वळ आठवडाभर होते.

धाकट्याला खूप पाणी ओकून आलं. मग तो रडला आणि त्याच्या रडण्याने आम्हाला हायसं वाटलं. दादा थरथरत होता. त्याने आम्हा तिघांना जवळ घेतलं, प्रत्येकाला गळ्याची कातडी चिमटीत धरायला लावली आणि म्हणायला लावलं, “आईची शपथ, कुणाला सांगणार नाही.” धाकट्यानेही म्हटलं, दात वाजत असताना. घरी सांगायचं ठरलं की तो पऱ्यात घसरला, गुडघाभर पाण्यात.

त्या सुट्टीत मी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचत होते. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याचं ते ‘ट्टॉक’, सगळं तोंडपाठ होतं. आम्ही चौघांनी शोधपथकही काढलं होतं आणि अशा पथकात गुपित राखणं हेच मोठं शौर्य वाटायचं. फेणेच्या गोष्टींत गुपित दुसऱ्याचं असतं, वाईट माणसाचं, आणि ते उघडं पाडायचं असतं, हा फरक त्या वयात माझ्या ध्यानात आला नाही.

संध्याकाळपासून धाकट्याला खोकला लागला. दुसऱ्या दिवशी पूजनाला घर भरलेलं, मामी ओवशाच्या सुपांत गुंतलेली, आणि तो माजघरात तापाने फणफणलेला. गावचे डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली आणि सरळ विचारलं, “पाण्यात बुडाला होता का? नाकातोंडात पाणी गेलं होतं?” मामी म्हणाली, “छे हो, पऱ्यात घसरला, गुडघाभर पाण्यात.” मी दाराशी उभी होते. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईकडे पाहिलं. ती घावनं काढत होती, कपाळावर घाम, एक बट सुटलेली. मी बोलले तर ती मरणार होती. ही अतिशयोक्ती नाही. तेराव्या वर्षी ती शपथ मला चुलीतल्या विस्तवाइतकी खरी वाटत होती. डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं आणि ते गेले.

त्या रात्री मी धाकट्याच्या शेजारीच झोपले होते. त्याचा श्वास मोजत होते. माझा एक होईपर्यंत त्याचे तीन होत. बरगड्यांच्या खाली पोट खपाटीला जायचं, नाकपुड्या फुलायच्या. बाहेर अंगणात जाखडीचा ढोल वाजत होता. आजी पाणी प्यायला उठली आणि मला जागी बघून म्हणाली, “काय गो, झोप येत नाही?”

मला सांगायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. मी म्हटलं, “आजी, शपथ घातलीय.”

आजीने कुणी, कसली, काही विचारलं नाही. ती माझ्याजवळ बसली, माझा हात गळ्यावरून काढून स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, “सुटली म्हण.”

“सुटली.”

“आता सांग.”

पंधरा मिनिटांत सारं घर उठलं. वाडीतल्या एकाची जीप काढली आणि पहाटे धाकट्याला रत्नागिरीला नेलं. छातीचा फोटो काढला, न्यूमोनिया निघाला. खाणीचं गढूळ पाणी फुप्फुसात गेलं होतं. अकरा दिवसांनी तो घरी आला. त्या रात्री जीप गेल्यावर बाकीचे देवापुढे बसले होते आणि मी आईच्या उशाशी जागी होते, तिची छाती खालीवर होते आहे ना हे बघत. उजाडेपर्यंत.

दादाला मामाने मारलं. ज्याने जीव वाचवला त्यालाच मार बसला, हे मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही. दादा माझ्याशी तीन वर्षं बोलला नाही. भावंडांत मी फितूर ठरले.

हे सगळं मनाच्या तळाशी गेलं होतं. 2014 साली माझी नववीतली मुलगी पुण्याच्या फुटपाथवरून एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन आली. लोइस डंकन या अमेरिकन लेखिकेची ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ ही कादंबरी. ती 1973 ची, म्हणजे माझ्याच वयाची. मी सहज हातात घेतली आणि रात्री दोनला संपवली. चार तरुण मुलं रात्री गाडीतून परत येताना सायकलवरच्या एका दहा वर्षांच्या मुलाला धडक देतात आणि थांबत नाहीत. त्यांच्यातला एक जण टेलिफोन बूथवरून निनावी फोन करतो, पण मुलगा मरतो. चौघं आपसात शपथ घेतात की कुणालाही सांगायचं नाही. वर्षभराने त्यांतल्या एका मुलीला, ज्युलीला, कॉलेज प्रवेशाच्या पत्राबरोबर एक चिठ्ठी येते.

कोण मागावर आहे, हे कळायच्या ओढीने पुस्तक वाचून होतं. मी मात्र एका साध्या गोष्टीपाशी थबकले. त्या मुलांची शपथ चौघांनी मिळून सोडवल्याशिवाय सुटत नाही. न्यू मेक्सिकोतल्या एका बाईला माझ्या आजोळच्या माजघरातली गोष्ट ठाऊक होती, असं मला त्या रात्री वाटलं. शिवाय तिने ते भयपटासारखं लिहिलेलं नाही. 1997 मध्ये आलेल्या सिनेमात हातात आकडा घेतलेला खुनी घातला, रक्ताचे पाट वाहवले. डंकनबाईंना ते अजिबात आवडलं नाही. 1989 मध्ये त्यांची अठरा वर्षांची मुलगी अल्बुकर्कीत गोळी लागून गेली होती. मुलांच्या मरणाची करमणूक करणं त्यांना रुचणं शक्यच नव्हतं.

मी शाळेत शिकवते. तेव्हापासून नववीच्या वाचनाच्या तासाला ही कादंबरी मी मराठीत सांगते, चार तासांत. शपथेच्या प्रसंगाशी थांबते आणि विचारते, तुम्ही काय केलं असतं? बहुतेक मुलं म्हणतात, मित्राला दगा कसा देणार? मग मी त्यांना चिरेखाण सांगते. वर्गाच्या भिंतीवर 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रंगवलेला आहे, तोही दाखवते, पण मुलं आधी माणूस शोधतात, नंबर नाही. इतक्या वर्षांत दोन मुलं तास संपल्यावर मागे थांबली. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. जिथे कळवायला हवं होतं तिथे मी त्याच दिवशी कळवलं.

गेल्या गणपतीत दादा आणि मी तेरडा आणायला सड्यावर गेलो होतो. दोघांचे केस पिकलेले. धाकटा डोंबिवलीहून संध्याकाळी पोचणार होता. खाणीला आता तारेचं कुंपण आहे, एका बाजूने वाकलेलं. मी दादाला त्या कादंबरीची गोष्ट सांगितली. तो मुळांची माती झटकत ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं.

“गाडी चालवत होता त्याचं पुढे काय झालं?”

“गोळी लागून हॉस्पिटलात पडतो.”

दादा बराच वेळ खाणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुझी शपथ आजीने त्याच रात्री सोडवली. माझी कुणीच सोडवली नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीही दारातच होतो.”

त्याचा हात गळ्याशी गेला होता, त्याला ते कळलंही नसावं. मी तो काढून हातात घेतला.

“सुटली म्हण.”

तो म्हणाला. मग आम्ही भारा बांधायला घेतला.