नांदेड-लातूरची पायवाट आणि राहून गेलेला एक फोटो



सोयाबीन घरात आलं, हरभऱ्याला एक पाणी देऊन झालं आणि ज्वारी पोटरीत आली, म्हणजे आपल्याकडे चार दिवसांची उसंत मिळते. त्या उसंतीत कुणी देवाला जातं, कुणी सोयरिकी जुळवायला निघतं. मला मात्र पायी भटकायची खोड आहे. खांद्याला पिशवी, पिशवीत दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी, आणि गळ्यात कॅमेरा. एका गावाहून दुसऱ्या गावाला एस. टी. नं जायचं आणि पुढं पायी हिंडायचं. गेल्या मार्गशीर्षात असाच नांदेडहून निघालो आणि लातूर जिल्ह्यात तेरणेच्या काठापर्यंत गेलो. तिकडं जाण्याचं कारण शेवटी सांगेन. आधी तुम्ही माझ्याबरोबर चला.

नांदेडला पोचायचं तर पहाटेच पोचावं. गोदावरीच्या घाटावर धुकं असतं आणि पाण्यावरून गार वारा येतो. इथल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून नेलं जातं. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी 1708 साली नांदेडलाच देह ठेवला आणि आपल्यानंतर ग्रंथसाहेबालाच गुरू माना, असं शिष्यांना सांगितलं. आजची इमारत पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. डोक्याला रुमाल बांधून आत जावं, लंगरात मांडी घालून जेवावं. शेजारी पंजाबातला शेतकरी बसलेला असतो. भाषा कळत नाही, पण गव्हाचा भाव विचारला की दोघांनाही बोलायला विषय मिळतो. अशा ठिकाणी कॅमेरा पिशवीत ठेवावा हे बरं. फोटो काढायचाच असेल तर सेवेकऱ्याला आधी विचारावं.

तिथून कंधार गाठलं. कंधारचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. राष्ट्रकूट राजांच्या काळात हे मोठं नगर होतं आणि राजा तिसरा कृष्ण याच्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे. गावाजवळच्या जगत्तुंग समुद्र नावाच्या तळ्याला एका राष्ट्रकूट राजाचंच नाव आहे. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीही या कोरडवाहू मुलखात राज्य करायचं तर आधी पाणी अडवावं लागे, हे त्यांना ठाऊक होतं. कंधारला क्षेत्रपालाच्या एका अजस्र मूर्तीचे तुकडेही मिळालेले आहेत. नुसतं पाऊल पाहिलं तरी मूर्ती किती उंच असेल, याचा अंदाज येतो.

अशा दगडाचा फोटो काढताना एक युक्ती सांगतो. शेजारी एखादं पोर उभं करा. पोराच्या उंचीवरून दगडाचं मोठेपण कळतं. शिवाय तीस वर्षांनी तो फोटो पाहताना दगड तसाच असेल, पण पोराला बघून घरात हसू फुटेल.

कंधारहून माळेगावला आलो. खंडोबाची यात्रा भरायला अजून दोन-तीन दिवस होते, पण जनावरं घेऊन माणसं यायला लागली होती. घोडे, गाढवं, उंट आणि मुख्य म्हणजे आपली बैलं. लाल कंधारी हे या भागाचं धन. तांबडा रंग, काटक शरीर आणि उन्हातान्हात न थकणारी चाल. दुसरं वाण लातूरकडचं देवणी. देवणीत वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा असे तीन प्रकार जाणकार मानतात. वानेऱ्याच्या तोंडावर काळा रंग असतो, बाळंक्या अंगानं पांढरा असतो आणि शेवेऱ्याच्या अंगावर काळे ठिपके असतात. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं मला हे सगळं जनावराच्या अंगावर हात फिरवून दाखवलं.

मी फोटो काढायला लागलो तसा तो म्हणाला, "आसं वरून काय काढायलाव? खाली बसा की. बैल बैलावानी दिसला पाह्यजे."

मी खाली बसलो आणि त्याचं म्हणणं पटलं. उभं राहून काढलेल्या फोटोत बैलाची नुसती पाठ दिसते. गुडघ्यावर बसून काढला तर वशिंड, पोळी, पाय, खूर सगळं दिसतं. ऊन आपल्या पाठीमागून जनावरावर पडेल असं उभं राहावं, म्हणजे अंगावरची चमक येते. तुमच्या दावणीला जोडी असेल तर तिचा असा एक फोटो काढून ठेवा. ट्रॅक्टर आला तशा गोठ्यातल्या जोड्या कमी होत चालल्या आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिथून एस. टी. नं लातूर. लातूरला गेलात आणि गंजगोलाईत पायी फिरला नाहीत, तर लातूर पाहिलंच नाही म्हणा. 1917 साली बांधलेली ही गोल बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, दुसऱ्याला वहाणा, कुठं मिरची तर कुठं गूळ. डोळे मिटून चाललं तरी वासावरून रस्ता ओळखावा. मी तिथं दुपारभर हिंडलो.

चहा पिताना एका दुकानदारानं कॅमेरा पाहून विचारलं, "पेपरवाले का तुम्ही? आता काय झालं आमच्या लातूरला?"

मी हसलो, पण त्याचा प्रश्न मनात राहिला. काही वाईट घडल्याशिवाय आपल्याकडे कॅमेरा येत नाही, असं त्याला वाटत होतं आणि त्यात त्याचं फारसं चुकलेलं नव्हतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला हा सारा भाग निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या दरबारात राजा दीनदयाळ नावाचे नामांकित फोटोग्राफर होते. महाल, शिकारी, सरदार यांचे त्यांनी सुरेख फोटो काढले. पण मराठवाड्यातल्या गरिबाचा फोटो त्यांच्या स्टुडिओनं काढला तो 1899-1900 च्या दुष्काळात, तेव्हाच्या औरंगाबाद भागात, हाडांचे सापळे झालेल्या माणसांचा. पुढं 30 सप्टेंबर 1993 ला भूकंप झाला आणि साऱ्या जगाचे कॅमेरे किल्लारीला आले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं, तेव्हा पुन्हा आले. ते यायलाच हवे होते, त्यांच्यामुळं मदतही आली. पण आपला सुखाचा दिवस, आपलं भरलेलं खळं, आपली नांदती ओसरी यांचा फोटो काढायला बाहेरून कोण येणार? ते काम आपलं आपणच करायला हवं.

आता मी तेरणेकाठी का गेलो, ते सांगतो.

1985 साली मी पहिल्यांदा या भागात पायी आलो. विशीतला होतो. एका नातेवाइकाचा क्लिक-थ्री कॅमेरा मागून आणला होता. एका रिळात बारा फोटो बसत. रीळ विकत घ्यायचं, मग धुवायचं, मग फोटो करायचे. सगळा खर्च जिवावर यायचा. त्यामुळं बाराही फोटो कशाकशाचे काढायचे, ते मी आधीच वहीत लिहून ठेवलं होतं. खरोसा लेणी पाहिली. सहाव्या शतकाच्या सुमारास डोंगर कोरून केलेली ही लेणी औसा तालुक्यात आहेत. नरसिंह, शिवपार्वती, रावण असं कोरीव काम आहे. तिथं मी आठ फोटो खर्च केले.

तिथून चालत चालत तेरणेच्या बाजूला एका गावात संध्याकाळी पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. ओळख ना पाळख, पण एका घरानं मला ठेवून घेतलं. दगडामातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, वर माळवद, पुढं ओसरी, दारात कडुनिंब. घरातल्या म्हातारबाबांनी पाय धुवायला गरम पाणी दिलं. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि लोण्याचा गोळा खाऊन मी ओसरीवर गाढ झोपलो.

सकाळी निघताना बाबा म्हणाले, "लेकरा, आमचाबी एक फोटू काढ की. म्हातारी हाय, नातवंडं हायेत. समदी बसतो वसरीवर."

माझ्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. तो मी औशाच्या किल्ल्यासाठी राखून ठेवला होता. मी म्हणालो, "बाबा, रीळ संपलं."

बाबांनी "बरं बरं, पुन्यांदा ये तवा काढ" असं म्हणून माझ्या पिशवीत चार भाकरी बांधून दिल्या. औशाला जाऊन मी बुरुजाचा फोटो काढला. तो फोटो आजही माझ्याकडे आहे आणि तो बुरूजही आजही तिथं आहे.

1993 च्या त्या रात्री गावोगाव गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारला पाच-सहा मिनिटं कमी असताना जमीन हादरली. गोल दगड मातीत रचून केलेल्या त्या रुंद भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटले. दोन्ही थरांना बांधून धरणारे लांब दगड भिंतीत घातलेले नसत. वर माळवदाची जड माती. उन्हाळ्यात ज्या घरांनी गारवा दिला, त्यांनीच झोपलेल्या माणसांना उठू दिलं नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं गेली. पन्नासाहून अधिक गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवावी लागली.

मी त्यानंतर तिकडं गेलोच नाही. धीर झाला नाही. गेल्या मार्गशीर्षात मात्र मनाशी ठरवून गेलो. जुन्या गावठाणात बाभळी आणि बोरी माजल्या आहेत. कुठं एखादा चौथरा, कुठं पाटा पडलेला. नवं गाव जरा लांब आहे. रुंद रस्ते, ओळीनं सिमेंटची घरं. विचारत विचारत त्या घराच्या माणसापर्यंत पोचलो. ओसरीवर खेळणाऱ्या नातवंडांतलाच तो एक, आता पन्नाशीला आलेला. आजा-आजी त्या रात्रीच गेले होते. मी त्याला सगळं सांगितलं, रीळ संपलं नव्हतं हेही सांगितलं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "घरात एकच फोटू व्हता आज्याचा, लग्नातला. त्यो मातीखाली गेला. आता माझ्या पोरास्नी सांगावं लागतंय, आज्या असा व्हता, असा व्हता म्हणून. त्यास्नी काय दिसतंय?" आणि मग लगेच, "जाऊ द्या. काका, तुम्ही याळवशीला आलाव, जेवल्याबगर जायचं न्हाई."

त्या दिवशी वेळ अमावस्या होती. सारं गाव शेतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, रानात चर शिंपून झालं. मग भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी आणि मडक्यातली गार आंबील. जेवणं झाल्यावर मी म्हणालो, "सगळे खोपीपुढं बसा." त्याची आई पदर सावरत मध्ये बसली, सुना बसल्या, पोरं बसली, दावणीचा शेवेरा बैलही एका बाजूनं आला. मी गुडघ्यावर बसून फोटो काढला. एक नव्हे, दहा काढले. आठ दिवसांत त्यांच्या छाप्या करून टपालानं पाठवल्या.

राहून गेलेला फोटो त्यानं भरून निघत नाही, हे मला कळतं. म्हणून तुम्हाला सांगतो. आज घरोघरी मोबाईल आहे, रिळाचा खर्च नाही, तेव्हा माझ्यासारखी सबब सांगायला जागा नाही. येत्या सणाला घरातल्या थोरल्या माणसाला ओसरीवर बसवा आणि फोटो काढा. चुलीपुढची आई काढा, बैलजोडी काढा, तिफण, जुनी बारव, वाड्याचा दरवाजा, पाराचा पिंपळ काढा. मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो, बिघडतो, म्हणून चांगल्या चार फोटोंची छापी करून घ्या. मागं पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. एक छापी घरात ठेवा आणि एक लेकीकडे किंवा मामाकडे ठेवा, म्हणजे एका घरावर संकट आलं तरी दुसरीकडे ती राहील.

आणि तुमच्या दारात कुणी वाटसरू कॅमेरा घेऊन आला, तर त्याला भाकरी द्याच, पण आपला फोटो काढून घेतल्याशिवाय त्याला सोडू नका.