टोपीवरचा ठसा

फायरिंगच्या दिवशी कॅडेटची खरी परीक्षा पाहते ते न वाजलेले काडतूस. बार उडाल्यावर काय करायचे ते दहा वेळा घोटून घेतलेले असते. पण ट्रिगर दाबला, नुसते 'टक्' झाले आणि पुढे काहीच नाही, की एक हात आपोआप बोल्टकडे जातो आणि मान उस्तादांकडे वळते. मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर नळी. मिसफायरपेक्षा हे वळणेच जास्त घातक.

मी सैन्यात आर्मोरर होतो. हत्यारे उघडणे, तपासणे, दुरुस्त करणे यातच नोकरी गेली. आता मरोद्याला, वडिलांनी भिलाईत आल्यावर जिथे बिऱ्हाड केले त्याच वस्तीत राहतो. नातू आपल्या शाळेत आहे आणि "आजोबा, मराठी पानासाठी काहीतरी लिहा" हा त्याचा हट्ट. माझ्याजवळ लिहिण्यासारखे हेच.

तर 'टक्' झाल्यावर नळी लक्ष्याकडेच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचे, डावा हात वर करायचा आणि थांबायचे. बहुतेक रेंजवर किमान ३० सेकंद थांबवतात. तुमचे उस्ताद सांगतील तो आकडा तुमच्यासाठी खरा. थांबायचे कारण असे की काडतूस कधी कधी उशिरा पेटते. बोल्ट उघडल्यावर ते पेटले तर पितळेचे खोके फाटून तुकडे तोंडावर येतात.

दुसरा प्रकार याहून वाईट. आवाज होतो, पण फुसका. धक्का जवळजवळ नाही आणि लक्ष्यावर छिद्रही नाही. दारू नीट पेटली नाही किंवा काडतुसात नव्हतीच. टोपीच्या जोरावर गोळी नळीत चार बोटे सरकून अडकून बसली. बोल्ट मागे घेतला की खोके निमूट बाहेर येते, म्हणून सगळे ठीक वाटते. त्यामागे दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. आवाज वेगळा वाटला की हात वर करायचा. शेजारचा हसला तर हसू द्या.

आता कारणांकडे. टोपी म्हणजे पितळेची इवलीशी वाटी. तिच्यात आघाताने पेटणारा लेप असतो आणि लेपाच्या पुढे धातूची बारीक ऐरण. फायरिंग पिनचा घाव बसला की लेप वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतो, ठिणगी पडते, दारू पेटते. लोहाराच्या भात्यापाशी उभे राहिलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. तुमच्या पॉइंट टू-टूच्या काडतुसाला अशी वेगळी टोपी नसते. लेप बुडाच्या कडेत फिरवलेला असतो आणि पिन कडेवरच मारते. कडेच्या एखाद्या भागात लेप कमी पोचला असेल आणि नेमका तिथेच घाव बसला, तर काडतूस मुके राहते.

न वाजलेले काडतूस म्हणून साक्षीदार असते. उस्तादांनी बाहेर काढले की ठसा पाहू द्या म्हणावे. ठसा उथळ असेल तर संशय रायफलवर: स्प्रिंग थकली, पिन झिजली किंवा बोल्टात ग्रीस घट्ट झाले. ठसा खोल आणि स्वच्छ असेल तर रायफल बहुधा सुटली, दोष काडतुसाचा.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तिथे नेमबाजीचा छंद असणारे पुष्कळ लोक वापरलेली खोकी साफ करून, नवी टोपी, मोजलेली दारू आणि गोळी बसवून काडतुसे स्वतः भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आपली काडतुसे खडकीला १८६९ पासून चालू असलेल्या कारखान्यात किंवा भुसावळजवळच्या वरणगावला बनतात. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या खोक्याच्या बुडावर 'के एफ' अक्षरे दिसली तर ती खडकीची.

एका रात्री त्याचा फोन आला. "काका, पन्नासांत सहा वाजलीच नाहीत. नवी स्प्रिंग मागवतोय."

"थांब. कारखान्याची काडतुसे याच रायफलीत मारलीस का?"

"हो, वीस. सगळी वाजली."

"मग स्प्रिंगच्या मागे का लागलास? ती सहा परत मारून पाहिलीस?"

"थांबून, रेंज ऑफिसरला विचारून मारली. पाच दुसऱ्या घावाला वाजली."

तिथेच मला उत्तर दिसले. टोपी खाचेच्या तळाशी टेकलेली नसेल तर पहिला घाव ती आत ढकलण्यातच खर्च होतो. ऐरणीला आधार नाही, मग लेप चिरडणार कसा? पहिल्या घावाने टोपी बसवली, दुसऱ्याने वाजवली. मी त्याला उरलेल्या काडतुसांच्या बुडावर पोलादी पट्टीची कड आडवी धरायला सांगितले. टोपी बुडाच्या पातळीपेक्षा कागदाच्या जाडीइतकी खाली हवी. त्याच्या कित्येक टोप्या वर आलेल्या होत्या. खोकी घाईत धुतलेली, खाचेत जुन्या टोपीची काजळी तशीच. त्याने खाचा खरवडून साफ केल्या. स्प्रिंग, पिन, दारूचे वजन यांतले काहीही बदलू नकोस, असे मी बजावले होते. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही.

ही सवय मला सैन्याने नाही, घराने लावली. वडील पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ बनतात त्या मिलमध्ये होते. रूळ नापास झाला की तो तुकडा का नापास झाला, हे पाहिल्याशिवाय कोणी भट्टीकडे परत पाठवायचा नाही, असे ते सांगत. दल्ली राजहऱ्याहून खनिजाची मालगाडी मरोदा स्टेशनावरून गेली की आमची जेवणे थांबत आणि ते असले काहीतरी सांगत. तेव्हा कंटाळा यायचा.

पुढच्या रविवारी पुतण्याची पन्नासच्या पन्नास वाजली. राहिले ते सहावे काडतूस. दोन्ही ठसे खोल, तरी मुके. खोक्यांना तेल लावलेल्या बोटांनीच त्याने काही टोप्या उचलल्या होत्या, आणि तेल लेपात उतरले की तो मरतो. घरी नेऊन ते उघडायचा त्याचा विचार होता. मी नको म्हणालो. रेंजवर न वाजलेल्या काडतुसांची पेटी असते, तिच्यात त्याने ते टाकले आणि मला फोटो पाठवला.