धनुर्धराचा नवरा

सोयाबीन निघालं. आसेगावात जेवणं आटोपली, की मी गच्चीवर मोबाईल लावून बसतो. पलीकडे पुण्यातले मित्र, मधे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला खेळ: एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे पात्रं होतात, वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझ्या धनुर्धराचा नवरा लोहार आहे. कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला आमचं प्रेम गुन्ह्यातून काढलं. लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ला नाकारला. खेळात मात्र दोघांचा संसार थाटलेला. मला तो हवाच आहे, खराखुरा.

“एवढं काय बोलत रायतं रे?” आईने विचारलं.

“गोष्ट सांगून रायलो, माय.”

“कोनाची?”

उद्या लोहारापासून सुरुवात करतो.