नाकेदार

परदेशात जाऊन आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. खाण्याचे हाल झाले का, आणि खर्च किती आला. तिकडे काय पाहिलंत, हे सहसा कोणी विचारत नाही. हे माझ्या पथ्यावरच पडलं आहे. कारण इंग्लंड ते फ्लॉरेन्स या आमच्या मोटारप्रवासात युरोप बाकीच्यांनी पाहिला. मी टोलनाके पाहिले.

हे खातं माझ्याकडे वशिल्याने आलं नाही, भूगोलाने आलं. आमचे जावईबापू इंग्लंडात असतात. तिथल्या गाडीचं चाक आपल्यासारखंच उजवीकडे. ती गाडी आगगाडीत चढवून समुद्राखालच्या बोगद्यातून पस्तीस मिनिटांत फ्रान्सला नेली, की रस्त्याची बाजू बदलते. चाक मात्र आहे तिथेच राहतं. आणि टोलची खिडकी येते डाव्या अंगाला. म्हणजे चालवणारा एका टोकाला, पैसे मागणारा दुसऱ्या टोकाला, आणि मधे डाव्या सीटवर जो बसला असेल तो बिनविरोध नाकेदार! "बाबांना पुढे बसू दे, मागे त्यांचे पाय अवघडतात," असं मुलगी मायेने म्हणाली होती. त्या मायेच्या पोटात एवढी जबाबदारी दडली असेल, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. चौतीस वर्षं मी हिशेबखात्यात काढली. पण लेकीच्या घरी आल्यापासून मला काम म्हणून नव्हतं. भांडी मशीनमध्ये मी लावली, की जावईबापू माझी पाठ वळल्यावर ती सगळी काढून पुन्हा लावत. इथे मात्र माझ्यावाचून गाडी पुढे सरकणार नव्हती.

कॅलेहून रीम्सच्या रस्त्याला पहिला नाका लागला. आपल्याकडे २०२१ साली फास्टॅग सक्तीचा झाला आणि खिडकीतून हात बाहेर काढायची सवयच मोडली. इथे यंत्र तिकीट पुढे करतं, ते आपण ओढून घ्यायचं आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे. माझा हात चार बोटं कमी पडला. मी पट्टा सोडला आणि कमरेपर्यंत खिडकीबाहेर गेलो. मागून सौ.ने माझा स्वेटर धरून ठेवला होता. पुढच्या नाक्यावर ती म्हणाली, "अहो, ती नारिंगी पाटीची रांग बघा मोकळी आहे, तिकडे घ्या." ती रांग ज्यांच्या काचेवर यंत्र बसवलेलं असतं त्यांच्यासाठी मोकळी असते. जावईबापूंनी सासूबाईंचा सल्ला ऐकला नाही. संसार सुखाचा होणार, हे मी तिथेच ओळखलं.

स्वित्झर्लंडमध्ये नाकेच नाहीत. सरहद्दीवर चाळीस फ्रँकचा एक परवाना घ्यायचा. मोठे रस्ते वर्षभर आपले. आम्ही तिथे राहणार चार दिवस.

"मग उरलेल्या दिवसांचं काय?" सौ.ने विचारलं.

"ते त्यांचे."

"हा कुठला न्याय?"

२०१३ साली त्या सरकारला या चाळीसाचे शंभर फ्रँक करायचे होते. स्विस जनतेने मतदान करून ते हाणून पाडलं. एवढी श्रीमंत माणसं, पण आपल्या सोसायटीच्या सभेसारखी वागली, हे ऐकून मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटू लागली. गोटहार्डचा जवळजवळ सतरा किलोमीटरचा बोगदा त्याच परवान्यात निघतो. निम्मे पैसे मी त्या बोगद्यातच वसूल धरले.

आणि मग इटली. हे तर टोलचं माहेर! मिलानहून वारेसेकडे जाणारा, फक्त मोटारींसाठी बांधलेला आणि टोल घेणारा रस्ता यांनी १९२४ सालीच सुरू केला. शंभर वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे नियमही मुरलेले. त्यातला एक असा: तिकीट हरवलं, तर तुम्ही सगळ्यात लांबच्या नाक्यावरून आलात असं धरून पैसे घेणार. हिशेबखात्यातला माणूस म्हणून मला हा नियम फारच आवडला. वाटेत मी तो सगळ्यांना दोनदा समजावूनही सांगितला.

मिलानच्या दक्षिणेला मेलेन्यानोच्या नाक्यावर तिकीट घेतलं आणि सुरक्षित जागी ठेवलं. माझ्या आयुष्यात हरवलेली प्रत्येक वस्तू सुरक्षित जागी ठेवलेली होती.

सुमारे तीनशे किलोमीटरवर फ्लॉरेन्सचा नाका आला, आणि तिकीट नव्हतं. खिशातून फ्रान्समधल्या पार्किंगच्या दोन पावत्या निघाल्या, पुण्याचं बसचं तिकीट निघालं, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात निघाली. मागच्या गाड्यांनी सनई-चौघडा सुरू केला. शेवटी मी मदतीचं बटण दाबलं. आतून एक बाई भरभर काहीतरी म्हणाली. मला इटालियनचा एकच शब्द येतो. तो मी वापरला. "सी, सी." म्हणजे हो, हो. तिने काय विचारलं देव जाणे, पण पडद्यावर जो आकडा उमटला तो पाहून माझा दुसरा शब्द शिकायचा उत्साह संपला.

जावईबापूंनी मुकाट्याने कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते यंत्रात घातलं. दांडा वर गेला आणि यंत्र गोड आवाजात म्हणालं, "आरिव्हेदेर्ची!"

गाडीत कोणी बोलेना. मग जावईबापू म्हणाले, "बाबा, माझ्याकडूनच कुठे पडलं असेल. त्या नाक्यावर मीच घाई केली."

त्यांचा हात त्या तिकिटाला लागलाही नव्हता. उजवीकडून तो पोचणंच शक्य नव्हतं.

रात्री औषधाची चिठ्ठी वाचायला जवळचा चष्मा काढला, आणि घरातून तिकीट खाली पडलं. नीट घडी केलेलं.

मला झोप येईना. १९८६ साली आमच्या ऑफिसचा एक शिपाई कामासाठी नाशिकला जाऊन आला होता. येतानाचं एस्टीचं तिकीट त्याच्याकडून हरवलं. मी त्याच्या बिलावर लाल शाईने लिहिलं, 'मूळ तिकीट जोडलेले नाही', आणि येतानाचं भाडं कापलं. तो बिचारा टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, परत आलो नसतो तर इथं उभा कसा असतो?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण लाल शाई होती. पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा विनोद म्हणून सांगत असे. त्या रात्री तो आठवला, आणि त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला सापडेना.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर मी ते तिकीट जावईबापूंच्या पुढ्यात ठेवलं. "माझ्याच चष्म्याच्या घरात होतं," म्हटलं. सौ. म्हणाली, "तरी मी म्हणत होते." ती काहीच म्हणत नव्हती. जावईबापू हसले आणि म्हणाले, "ठेवा आठवण म्हणून. महाग आहे."

परतीच्या वाटेवर नाक्यावर पुन्हा तिकीट बाहेर आलं. मी हाताची घडी घालून बसलो होतो. म्हटलं, आता मुलीला पुढे घेतील.

"बाबा, घ्या ना," जावईबापू म्हणाले, "मागे गाड्या थांबल्यात."

मी घेतलं. सुरक्षित जागी ठेवलं नाही. मिलान येईपर्यंत मुठीत धरून बसलो. दोन्ही बाजूंनी इटली गेली म्हणतात. नाक्यावर ते घामेजलेलं तिकीट यंत्राने एकदा परत दिलं, मग पँटला पुसून पुन्हा घातल्यावर घेतलं. दांडा वर गेला.

"आरिव्हेदेर्ची!" यंत्र म्हणालं.

"येतो हं," मी म्हटलं.